अँबॅसेडरमध्ये इसुझू 1.8 : फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं त्या ब्रॅकेट आणि रबरी) कुठे घ्यायचं?

माळरान : 1489 सीसीचं जुनं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन उतरवलंय. जागी इसुझू 1.8 आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स जातोय. जुन्या ब्रॅकेट जुळत नाहीत. वेल्डर म्हणतो, 6 एमएमच्या पट्ट्या मारू आणि रबर आडवी ठेवू. इंजिनची जागा आधी कशावरून धरायची? आणि रबर आडवी की तिरकी?

तेलकट_हात : पट्टी कापायची घाई नको. अँबॅसेडर 1800 आयएसझेडला कंपनीनेच इसुझू इंजिन दिलं होतं. त्या गाडीच्या ब्रॅकेट आणि गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर भंगारात मिळाला, तर निम्मं काम वाचलं.

नाहीच मिळाला तर गाडी चारही चाकांवर उभी करा. बॉडी जॅकवर उचलली की मागच्या ॲक्सलचं हाउसिंग पाट्यांवर (स्प्रिंगवर) लोंबतं आणि पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट हाउसिंगला जिथे जोडतो त्या दांड्याचा) कोन खोटा येतो. इंजिन-गिअरबॉक्स जोडूनच चेन पुलीवर सोडा, मागचं टोक आधी धरा, मग पुढची बाजू वरखाली. कोनमापक क्रँक पुलीच्या तोंडावर लावा, नंतर पिनियनच्या फ्लँजवर. दोन्ही तोंडं समांतर हवीत, फरक फार तर 1 अंश. इंजिन मागे 3 अंश उतरतं असेल तर पिनियन तेवढाच वर बघायला हवा. प्रोपेलर शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसला (टोकाच्या फिरत्या सांध्याला) 1 ते 3 अंशांचा कोन ठेवा. अगदी शून्य ठेवलात तर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात. हे चुकलं की गाडी घरघरते आणि लोक उगाच शाफ्ट बॅलन्स करत बसतात.

फॅन-रेडिएटरमध्ये 25 एमएम, ऑइल चेंबर आणि स्टिअरिंग रॅकमध्ये 20 एमएम मोकळे ठेवा. बॉनेट लावून एअर फिल्टर एकदा तपासा.

नटबोल्ट_मिरज : रबर तिरकीच, दोन्ही बाजूंनी साधारण 45 अंश, व्ही आकारात. वजन दाबात आणि कातरात वाटलं जातं. आडव्या रबरीवर इंजिन हिसक्याला उचललं जातं आणि रबर ताणात येते. चिकटवलेली रबर पत्र्यापासून सुटते ती तिथेच.

माळरान : डावीकडची रबर (ड्रायव्हरच्या सीटवरून डावी) आधी फाटते असं ऐकलंय, खरं का?

नटबोल्ट_मिरज : हो. क्रँक समोरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे इंजिनचा उलटा झटका डावी बाजू वर उचलतो. शिवाय गिअरबॉक्स इंजिनलाच जोडलेला, त्यामुळे पहिल्या गिअरला फाउंडेशनवर इंजिनच्या टॉर्कच्या साडेतीन-चार पट ओढ येते. रबर फाटली तरी इंजिन धरून ठेवेल अशी पोलादी कडी डावीकडे असू द्या.

तेलकट_हात : वेल्डिंगचं सांगायचं राहिलं. रबर लावून फक्त टॅक (छोटे टाके) मारा, मग रबर काढून पूर्ण वेल्ड, नाहीतर आतून जळते. नुसती पट्टी वाकते, कोपऱ्यात त्रिकोणी आधार हवाच. ब्रॅकेटची भोकं लांबट ठेवा, बोल्ट सगळे सैल घाला, इंजिनचं पूर्ण वजन बसल्यावरच आवळा. सायलेन्सरच्या बाजूच्या रबरीवर पत्र्याची आड द्या.

आणि अर्थिंगची जाड पट्टी विसरू नका. रबरीमुळे इंजिनचा बॉडीशी विजेचा संबंध तुटतो. मग स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततो, केबल लाल होते.

कागदपत्रांचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी. इंजिनची खरेदी पावती जपा, नवा नंबर आरसीवर चढवायला लागते.

माळरान : मेंबर शोधतो आधी. वेल्डरला थांबवलंय.