मदत हवी आहे: कार्बन कॅप्चरचं एमईए द्रावण काळं पडलंय, फेसाळतंय. टाकून द्यावं की साफ करावं?

बगॅस_बॉयलर (लातूर)

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत चिमणीच्या धुरातून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काढणारं छोटं युनिट आहे. बॉयलर बगॅस आणि घट्ट केलेल्या स्पेंटवॉशवर (डिस्टिलरीचं सांडपाणी) चालतो. धूर ताशी १००० नॉर्मल घनमीटर, त्यात सीओटू १२ टक्के. द्रावण ३० टक्के एमईए (मोनोइथेनॉलअमाइन, सीओटू शोषणारं रसायन), सिस्टिममध्ये एकूण ६ टन, फिरतं ताशी साडेचार घनमीटर. ४५ दिवस सलग चाललं.

आता द्रावण कॉफीसारखं झालंय. अ‍ॅब्सॉर्बरमध्ये (धूर आणि द्रावण एकमेकांना भेटतात तो मनोरा) सारखा फेस यायलाय, पॅकिंगवरचा दाबातला फरक दुपटीच्या वर गेलाय. दर शिफ्टला सिलिकॉन अँटिफोम टाकायलोत. सीओटू पकडण्याचं प्रमाण ९० टक्क्यांवरून ७० वर आलं. मोकळा एमईए २५ टक्के, लोह ११० पीपीएम, हीट स्टेबल सॉल्ट (आम्लाने बांधलेला, तापवूनही न सुटणारा एमईएचा क्षार) ३.२ टक्के, एमईए म्हणून मोजलेलं.

पुरवठादार म्हणतो सगळं काढा, नवीन भरा. दुसरा म्हणतो टाकीत कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ओता, एमईए मोकळा होईल. तिसरा क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनचा कॉलम सुचवतोय. कोणता मार्ग धरावा? गाळप संपायला तीन आठवडे आहेत.

टायट्रेशन

दादा, उत्तराआधी चार गोष्टी सांगा. ३.२ टक्के हा आकडा कसा काढला? क्षारांत कोणतं आम्ल किती? सोडियम-पोटॅशियम किती? आणि कमी झालेलं पाणी कुठलं भरता? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

बगॅस_बॉयलर (लातूर)

५ ग्रॅम नमुना कॅटायन रेझिनमधून (धन आयन धरून बदल्यात आम्ल सोडणारं) सोडला, खालून निघालेलं आम्ल ०.१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट केलं, २६.२ मिली लागलं. बाहेरच्या लॅबचे आकडे पीपीएममध्ये: सल्फेट ९०००, फॉर्मेट ६०००, नायट्रेट २०००, ग्लायकोलेट १८००, ऑक्झलेट १५००, क्लोराइड १४००, अ‍ॅसिटेट १२००. सोडियम २०००, पोटॅशियम नगण्य. पाणी बोअरचंच, पण सॉफ्टनरमधून आलेलं. रोज साधारण ८०० लिटर भरावं लागतं. त्यात क्लोराइड २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर.

रिबॉयलर_१२०

आकडे दिलेत ते फार बरं झालं. द्रावण टाकून देऊ नका, ते वाचणारं आहे. पण आम्ल आत शिरतंय कुठून ते आधी बंद करायला हवं, नाहीतर दीड महिन्यात पुन्हा इथेच याल.

सल्फेट उलटं मोजून बघा. ९००० पीपीएम म्हणजे ६ टनांत ५४ किलो, जवळपास ५६० मोल. ४५ दिवसांचे १०८० तास. म्हणजे तासाला अर्धा मोल एसओटू (सल्फर डायऑक्साइड) आत येतोय, तुमच्या धुराच्या मानाने साधारण १२ पीपीएम. थोडं सल्फेट बोअरच्या पाण्याचंही असेल, पण मोठा वाटा धुराचाच. एसओटूचा एक मोल एमईएचे दोन मोल बांधून ठेवतो. स्पेंटवॉशमध्ये गंधक असतं, त्यामुळे त्याचा फीड वाढला की एसओटू उसळतो. शिफ्टला एकदा पीएच बघणारा माणूस ती उसळी पकडू शकत नाही. अ‍ॅब्सॉर्बरच्या आधीच्या कूलर-स्क्रबरवर ऑनलाइन पीएच मीटर आणि डोसिंग पंप बसवा, पीएच ७ च्या आसपास धरा. फार वर नेलात तर कॉस्टिक सीओटूच खात बसतं. पुढे जाणारा एसओटू १० पीपीएमच्या खाली हा रूढ आकडा आहे, पण इतक्या थोड्या द्रावणाला ५ च्या खाली ठेवा. शिवाय स्क्रबरच्या डोक्यावरचा डेमिस्टर (थेंब अडवणारी जाळी) फाटलेला नाही ना, ते उघडून बघा. राख आणि थेंब तिथूनच पुढे जातात.

फॉर्मेट, ऑक्झलेट, ग्लायकोलेट, अ‍ॅसिटेट ही धुरातल्या ऑक्सिजनने एमईए मोडल्याची खूण. विरघळलेलं लोह त्याला उत्प्रेरक ठरतं: गंज लोह सोडतो, लोह एमईए मोडतं, त्यातून आम्ल होतं, आम्ल पुन्हा गंजवतं. ११० पीपीएम फार आहे. रिबॉयलरमधलं (द्रावण तापवून सीओटू सोडवणारा भाग) द्रावण १२० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. तुमचा एक्झॉस्ट स्टीम (टर्बाइनमधून निघालेली वाफ) सुपरहीटेड असेल तर नळीच्या भिंतीलगतचं द्रावण त्याहून बरंच तापतं, म्हणून वाफेचा जादा ताप उतरवणारा डीसुपरहीटर चालू आहे का तेही बघा.

आता साफसफाई. टाकीत कॉस्टिक ओतायचा सल्ला मानू नका. एमईए मोकळा होतो हे खरं, पण आम्ल जागचं हलत नाही, फक्त सोडियमच्या गळ्यात पडतं. क्षार तेवढेच राहतात, आणि सोडियम वाढलं की थंड जागी, म्हणजे सीओटू काढलेलं द्रावण गार करणाऱ्या लीन कूलरच्या प्लेटांत, खडे धरायला लागतात.

रेझिनचं गणित: एकूण क्षार ०.५२४ ग्रॅम-समतुल्य प्रतिकिलो, सहा टनांत ३१४४. आम्लाचे आयन धरणाऱ्या स्ट्राँग बेस रेझिनची प्रत्यक्ष कामाची क्षमता लिटरला ०.६ ग्रॅम-समतुल्य धरली तर २०० लिटरच्या कॉलमला २६ फेऱ्या. प्रत्येक फेरीला रिजनरेशनसाठी २० किलो कॉस्टिक आणि दीड घनमीटर डीएम (क्षार काढलेलं) पाणी. म्हणजे ५०० किलोच्या वर कॉस्टिक आणि चाळीसेक घनमीटर खारं पाणी, जे शून्य विसर्गाच्या अटीमुळे तुमच्याच इव्हॅपोरेटरवर येणार. उन्हाळ्याच्या तोंडावर लातूरला हे परवडायचं नाही. वर मोडलेल्या एमईएचे आयनरूप नसलेले तुकडे आणि सोडियम रेझिनला धरताच येत नाहीत. क्षार १ टक्क्याच्या खाली आणल्यावर ते तिथे टिकवायला रेझिन उत्तम, आज नाही.

तुमच्यासाठी थर्मल रिक्लेमर: द्रावण उकळून पाणी आणि एमईए वाफेने काढायचे, क्षार तळाशी ठेवायचे. एमईए १७० अंशांना उकळतो, त्यामुळे व्हॅक्यूमशिवाय काम होतं. एमडीईए (दुसरं, जास्त तापमानाला उकळणारं अमाइन) असता तर हे सांगितलं नसतं.

४०० लिटरची एसएस ३१६एल केटल, आत नळ्यांचा जुडगा. दीड किलो दाबाचा एक्झॉस्ट स्टीम इथे कामाचा नाही, तो १२७ अंशांवर थांबतो. पीआरडीएसवरून (वाफेचा दाब आणि ताप उतरवणारं स्टेशन) ७ किलोचा घ्या, १७० अंश मिळतात. त्याहून जास्त दाबाचा घेतलात तर नळ्यांवर कोळसा धरेल. फीड स्ट्रिपरच्या (सीओटू सोडवणारा मनोरा) तळातून, म्हणजे सीओटू कमीत कमी असलेलं, ताशी ९० लिटर. स्टीम ताशी १०० किलोच्या आसपास.

केटलमध्ये मात्र फीडबरोबर कॉस्टिक घालायचं, कारण इथे क्षार गाळाबरोबर बाहेर जातात. ते मोजताना ३.२ टक्के पुरते धरू नका. २००० पीपीएम सोडियमने ०.५३ टक्का आधीच बांधलाय. उरले २.६७ टक्के, म्हणजे १०५ किलो शुद्ध कॉस्टिक, ४८ टक्के लाय (कॉस्टिकचं द्रावण) २१९ किलो, ताशी सव्वादोन लिटर. त्यावर जास्तीत जास्त दहा टक्के. यातून अंदाजे १६० किलो एमईए मोकळा होईल.

सुरुवातीला केटलमध्ये पाणी आणि थोडी लाय घेऊन तापवा, मग फीड सुरू करा. नळ्या कायम बुडालेल्या हव्यात, उघड्या पडल्या की करपल्या. वाफ स्ट्रिपरच्या तळात सोडा, तिची उष्णता तिथे कामी येते. क्षार साठतील तसं तापमान हळूहळू चढेल. १४५ झालं की फीड बंद, १५० कधीही ओलांडू नका, वर एमईएच मोडायला लागतो. मग फक्त डीएम पाणी सोडत राहा, उरलेला एमईए वाफेबरोबर निघतो. ही पायरी घाईत सोडून दिली की निम्मा फायदा गाळाबरोबर जातो.

एक महत्त्वाचं: हे चालू लूपवर केलंत तर ६७ तासांत सगळं द्रावण एकदा केटलमधून जाईल, पण साफ झालेलं मळक्यात मिसळत राहील. क्षार ३.२ वरून १.२ वर येतील, ०.५ च्या खाली जायला १३४ तास. वेगळी टाकी असेल तर मळकं एकीकडे, साफ दुसरीकडे ठेवा, एकाच फेरीत काम होईल. गाळप संपायची वाट पाहू नका. बॉयलर विझल्यावर ७ किलोचा स्टीम कुठून आणणार?

मांजराकाठ

पाण्याबद्दल. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम घालतो, क्लोराइड आणि टीडीएसला (विरघळलेले एकूण क्षार) हातही लावत नाही. अ‍ॅब्सॉर्बरच्या डोक्यावरून पाणी वाफ होऊन जातं, क्लोराइड मागे राहतं. ८०० लिटर गुणिले २५० म्हणजे रोज २०० ग्रॅम, सहा टनांत रोज ३३ पीपीएम. ४५ दिवसांनी जवळपास १५००. तुमचे १४०० तिथूनच आलेत. सोडियम बरोबर आल्यामुळे हे क्लोराइड एमईए फारसं बांधत नाही, पण तापलेल्या स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगला तडे पाडायला तेवढं पुरतं.

डीएम पाणी किंवा टर्बाइनचं कंडेन्सेट वापरा. साखरेच्या इव्हॅपोरेटरच्या मागच्या बॉडींचं कंडेन्सेट फुकट मिळतं म्हणून घेऊ नका. त्यात साखरेचा अंश आणि अमोनिया येतो, आणि फेस आणखी वाढतो.

फेसासाठी अँटिफोम थांबवा. जास्त झाला की तोच फेस धरतो. फिरत्या द्रावणाचा १५ टक्के भाग, ताशी ७०० लिटर, ४० अंशांखाली थंड करून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमधून सोडा. २०० ते २५० लिटर कार्बन पुरेल. आधी १० मायक्रॉन, नंतर ५ मायक्रॉनची कार्ट्रिज. नवा कार्बन डीएम पाण्याने खालचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर त्याची भुकटीच फेस वाढवेल. कार्बन क्षार काढत नाही, एवढी अपेक्षा ठेवू नका.

बगॅस_बॉयलर (लातूर)

खूप आभार सगळ्यांचे. दोन रिकाम्या टाक्या आहेत, म्हणजे एका फेरीत होईल. केटलमधला गाळ किती निघेल? इथले काही जण म्हणतात प्रेसमडच्या (रस गाळून उरलेली मळी) कंपोस्टमध्ये मिसळा, नाहीतर बॉयलरमध्ये जाळा.

रिबॉयलर_१२०

कोरडे क्षारच २०० किलोच्या आसपास. जड तुकडे, पाणी, अडकलेला एमईए धरून ४०० ते ६०० किलो.

कंपोस्टमध्ये मुळीच नको. सोडियम, क्लोराइड आणि स्टीलमधून आलेलं निकेल-क्रोमियम शेवटी शेतकऱ्याच्या रानात जाईल. आपल्या काळ्या जमिनीत सोडियम वाढलं की ती चोपण होते, पाणी जिरत नाही. बायोगॅसच्या डायजेस्टरमध्येही नको. बॉयलरमध्ये जाळलात तर सोडियममुळे राख कमी तापमानाला वितळते, सुपरहीटरच्या नळ्यांवर चिकटते, आणि सल्फेटचं काही गंधक पुन्हा एसओटू होऊन तुमच्याच अ‍ॅब्सॉर्बरकडे येतं.

हा घातक कचरा धरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे ९० दिवसांच्या आत, फॉर्म १० मॅनिफेस्टसह, अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचा. मराठवाड्याला रांजणगाव सोयीचं. संमतीपत्रात हा कचरा नोंदलेला नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आजच अर्ज करा, केटल पेटवल्यावर नाही.

गाळ ८० अंशांच्या आसपास, वाहता असतानाच काढा. पूर्ण गार झाला की केटलमध्ये दगडासारखा बसतो. पिंपं एचडीपीईची नको, गरम गाळाने वाकतात, लोखंडी घ्या. काढणाऱ्याला ब्यूटाइल रबरचे हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड. धुरातल्या एनओटूमुळे (नायट्रोजन डायऑक्साइड) या गाळात नायट्रोसमाइनचे अंश असू शकतात, ते कर्करोगाशी जोडलेले आहेत. कंत्राटी मजुरालाही हीच साधनं द्या.

टायट्रेशन

एक भर. प्रत्येक बॅचनंतर तीच कॅटायन रेझिनची चाचणी साफ टाकीतल्या नमुन्यावर करा. ५ ग्रॅमला ४ मिलीच्या आत आलं तर क्षार ०.५ टक्क्याच्या खाली आहेत. जास्त आलं तर केटलमधून थेंब वाफेबरोबर उडतायत, फीड ताशी ६० लिटरवर आणा. सोडियम फ्लेम फोटोमीटरवर बघा, माती परीक्षण प्रयोगशाळेत असतो. नमुना शंभर पट पातळ करून न्या. वाफेतून आलेल्या द्रावणात सोडियम जवळपास शून्य हवं. दिसलं तर थेंब उडतायत हे पक्कं.