घरी शिकणाऱ्या लेकीच्या वहीवर गुण द्यायचे की नोंद लिहायची?

सुरंगी, मालवण
नमस्कार. लेक दहा वर्षांची, घरीच शिकते. शिकवताना अडत नाही, अडतं ते वही तपासताना. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते, हे तिला आजोबांनी शिकवलं. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. षष्ठीचे 4.5 आले, तिने साडेचार लिहिले. सप्तमीचे आले 5.25, आणि लिहिलं ‘5 वाजून 25 मिनिटे’. नियम बरोबर, गुणाकार बरोबर, वेळ चुकली. दहापैकी किती द्यायचे?

रापणीवरही, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळं ओढायच्या मासेमारीवर, पानभर लिहिलंय. दोर ओढणाऱ्यांच्या टाचा वाळूत कशा रुततात ते इतकं नेमकं, की मी पुन्हा वाचलं. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बऱ्याच. सासरे रोज विचारतात, “मार्क किती पडले गो?” मायेनेच विचारतात, त्यांना उत्तर मिळायला हवं. टक्के, श्रेणी की शेरा?

निवृत्त शिक्षक, राजापूर
सुरंगीताई, 5.25 ची चूक फार कामाची आहे. अर्धा तास तिला येतो, दशांशातला पाव तास अजून येत नाही, हे त्यातून लख्ख कळतं. तुम्ही दहापैकी सात लिहिलेत तर ते त्या सातात दडून जाईल.

शाळांत 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे वर्षभर पारख आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. वर्ग भरलेला असला की वर्णनात्मक नोंदी एकसारख्या होतात, ‘प्रगती चांगली’ सगळ्यांनाच. तुमच्यापुढे एकच मूल आहे, खरी नोंद लिहा. तारीख घालून: ‘पाऊणपट बिनचूक. 4.5 चे साडेचार येतात. 5.25 चे सव्वापाच करणे बाकी.’ आणि चूक लगेच दाखवू नका. आधी पंचमी करायला द्या. 3.75 येतील, आणि ‘3 वाजून 75 मिनिटे’ लिहिताना ती स्वतःच थांबेल.

निबंधात मजकूर आणि शुद्धलेखन एका आकड्यात कोंबू नका. टाचांच्या वाक्याखाली रेघ मारून ते का आवडलं ते समासात लिहा. चुकलेल्यांतले तीन-चार शब्दच पुढच्या श्रुतलेखनात घ्या.

चिपळूणकर बाबा
गुरुजींचं पटलं, पण आकडा अजिबात नको हे मला मान्य नाही. पाढे, श्रुतलेखन, नकाशातले तालुके यांत बरोबर-चूक स्पष्ट असते, तिथे वीसपैकी अठरा हे मुलालाही आवडतं. आजोबांना तेच दाखवा.

रत्नागिरीची आई
आमची मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (शाळेत न जाता परीक्षा देता येणारं मंडळ) पुढे जाणार आहेत. तिथे मुलांसाठी अ, ब, क असे स्तर आहेत, ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष. दहावीसाठी वय 14 पूर्ण लागतं आणि उत्तीर्ण व्हायला 33 टक्के. घरी तुम्ही अ-1 द्या नाहीतर ड, निकालात ते धरत नाहीत. म्हणून घरची श्रेणी कागदोपत्री उपयोगाची नाही. पुढे शाळेत घालायचं झालं तर तारखा घातलेल्या वह्या मात्र दाखवता येतात, त्या रद्दीत देऊ नका. परीक्षेआधीच्या वर्षात वेळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या आणि त्या कडक तपासा. तोपर्यंत घाई नको.

सुरंगी, मालवण
गुरुजी, पंचमी दिली. ‘3 वाजून 75’ लिहून ती घड्याळाकडे बघत बसली, मग आजोबांकडे गेली. त्यांनी पाऊण, सव्वा, साडे असं बोटांवर मोजून दाखवलं. सप्तमी तिने आपणहून खोडून दुरुस्त केली. नोंदीत तसंच लिहिलंय, आजोबांनी शिकवलं हेसुद्धा.

श्रुतलेखन आणि पाढ्यांना गुण, बाकी सगळ्याला नोंद, असं ठरवलंय. एक विचारायचं राहिलं: नोंद तिला वाचायला द्यायची, की फक्त आपल्यासाठी ठेवायची?

निवृत्त शिक्षक, राजापूर
तिलाच द्या. ‘बाकी’ काय आहे ते पुढच्या वेळी तिलाच लिहू द्या, तुम्ही खाली सही करा.