मदत हवी आहे: अनोळखी ताईंना पाठवायच्या दुपट्याचा रंग जातोय

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची. हाताने केलेल्या वस्तूंच्या अदलाबदलीत पहिल्यांदाच भाग घेतलाय. चिठ्ठीत रत्नागिरीच्या एक ताई आल्या. ओळख काहीच नाही, फक्त त्यांच्या घरी दोन महिन्यांचं बाळ आहे एवढं कळलं. घरचे म्हणाले, सोलापुरी चादर पाठवून दे. पण चादर मागावरची, माझ्या हातची कुठे? म्हणून आईच्या जुन्या सुती साड्यांचं दुपटं शिवायला घेतलं. तीन पदर, कडेपासून आत येत धावदोरा. रोज रात्री दोन-तीन ओळी होतात.

अडचण अशी की मधला लाल चौकोन इरकलीच्या पदराचा आहे. परवा ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहिला तर फडकं गुलाबी झालं. शेजारच्या काकू सांगतात, मिठाच्या पाण्यात भिजव. दोनदा भिजवला, तरी रंग सुटतोच. बाळ दुपटं तोंडात घालणार, त्यामुळे जीव धजत नाही. चौकोन उसवून दुसरा लावू का? पण आईचा तेवढाच पदर उरलाय, तो त्यात असावा असं फार वाटतं. रंग पक्का करायचा खात्रीचा उपाय कुणी स्वतः केला असेल तर कृपया सांगा.

आणखी एक, कोकणात सध्या पाऊस. आत प्लॅस्टिक, वरून कापड शिवून पार्सल केलं तर पुरेल ना? स्पीड पोस्टने पंचवीस तारखेच्या आत पाठवायचंय.