मदत हवी आहे : नोकरी सुटण्याआधी गृहकर्जाची मुदत वाढवावी का?

नोटीस पिरियडचा एकच महिना उरलाय, पुढची नोकरी हातात नाही. वय ४१. कर्ज फ्लोटिंग दराचं, बाकी १८ लाख, व्याज ८.५ टक्के, अजून ११ वर्षं. हप्ता सुमारे २१,०३६ रुपये, आजवर एकही चुकलेला नाही. घरखर्च २४,००० आणि बचत ४ लाख २० हजार, म्हणजे जेमतेम नऊ महिने निभतील.

आधी ३ लाख कर्जात भरायचा विचार केला. हप्ता साडेतीन हजारांनी उतरतो, पण हातात तीन महिन्यांचेही पैसे उरत नाहीत. तो विचार सोडला. उलट उरलेली मुदत ११ ऐवजी १६ वर्षं केली तर हप्ता १७,१८१ वर येतो आणि बचतीतून एकरकमी काही भरावं लागत नाही. शेवटपर्यंत तशीच ठेवली तर सव्वापाच लाख व्याज जास्त जाईल, हे ठाऊक आहे. पगार सुरू झाला की हप्ता पुन्हा वाढवायचाच आहे. सोनं मोडायचं किंवा पर्सनल लोन घ्यायचं नाही. सहकर्जदार पत्नी, तिला उत्पन्न नाही.

शाखेतून अर्ज आणलाय. त्यात 'मुदतवाढीचे कारण' हा रकाना आहे, तिथेच पेन थांबलंय. खोटं लिहायचं नाही. पण आर्थिक अडचण लिहिली तर बँक ही साधी मुदतवाढ न धरता कर्जाची पुनर्रचना (अडचणीतल्या कर्जदाराला अटी बदलून देणं, म्हणजे रिस्ट्रक्चरिंग) धरेल आणि क्रेडिट रिपोर्टवर तशी नोंद येईल, ही भीती आहे.

बँकेत काम केलेल्यांनी किंवा यातून गेलेल्यांनी कृपया सांगा : एकही हप्ता थकलेला नसताना, नोकरी जाणार हे कारण दिल्यास खरंच पुनर्रचनेची नोंद होते का? आणि हा अर्ज शेवटचं पगारपत्रक हातात असतानाच द्यावा का?