शिक्षकांनी आधी काय वाचावं: 'तोत्तोचान' की 'दिवास्वप्न'?

पाटीपेन्सिल (हिंगणा, नागपूर)
मागच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी सुचवलं, दर महिन्याला अर्धा तास शिक्षणावरच्या एखाद्या पुस्तकावर बोलू. लगेच तिघाचौघांनी 'तोत्तोचान'चं नाव घेतलं. मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

'तोत्तोचान', एका जपानी मुलीच्या शाळेच्या आठवणी, गोडच आहे. पण तिच्या तोमोए शाळेत सगळी मिळून पन्नासेक मुलं, आणि मुख्याध्यापक कोबायाशी स्वतःच शाळेचे कर्तेधर्ते. आगगाडीच्या डब्यात वर्ग भरवायला त्यांना कोणाची तांत्रिक मान्यता लागली नाही. आपला मास्तर ते वाचून हळहळतो नि दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहायला लागतो.

गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्ना'त मात्र चौथीचा साधा सरकारी वर्ग आहे, नाकं मुरडणारे सहकारी आहेत, डोक्यावर परीक्षा आहे. पहिल्याच दिवशी नवा मास्तर मोठ्या हौसेने शांततेचा खेळ घ्यायला जातो, तर पोरं असा दंगा घालतात की त्यांना घरी सोडून द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो. पुस्तक नव्वद वर्षांपूर्वीचं, पण हा वर्ग माझ्या ओळखीचा आहे.

कामठीरोड
सर, तो मास्तर कल्पित आहे. एका वर्षासाठी हौसेने आलेला, साहेबांची परवानगी खिशात. आम्ही इथे बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन उन्हात फिरून रायलो, वर पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं. चार वर्ग, दोन शिक्षक. दुसरा मीटिंगला गेला की चारही वर्गांचे पोट्टे माझ्याकडे. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिला आहे, पण पोट्टे चार इयत्तांचे असले तर काय करायचं, ते कुठेच लिहिलं नाही. अशात प्रेरणादायी पुस्तक दिलं की वाटतं, दोष व्यवस्थेचा नाही, आमचाच.

धरमपेठच्या बाई (निवृत्त)
भाऊ, तुमचा राग खरा आहे. पण सोयी नाहीत म्हणून वाचायचं नाही, हे मला पटत नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून आल्या, 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला आदिवासी पाड्यांवर. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणावर नेली. शिकवायचं साहित्य कसलं, तर शंखशिंपले, बिया, पानं. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचा, त्यात तुम्हाला हिणवणारं काही नाही.

कामठीरोड
बाई, आदर आहेच. पण संस्था त्यांची स्वतःची होती. मी शाळा कुरणावर नेली तर संध्याकाळी नोटीस येईल.

गणितवाला (मानेवाडा)
ती सगळी पुस्तकं बाजूला ठेवा, 'प्रिय बाई' वाचा. इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी खेड्यातली मुलं, त्यांचे गुरू पाद्री मिलानी. मूळ पुस्तक 1967 चं, आठ मुलांनी मिळून लिहिलेलं. नापास करणाऱ्या बाईंना आकडे मांडून विचारलंय की शेतकऱ्यांचीच मुलं का गळतात. आणि गंमत बघा, 'पुरोगामी शिक्षण म्हणजे लाड' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: त्या शाळेत मधली सुट्टी नाही, रविवारसुद्धा नाही. छत्तीस गाई सांभाळणाऱ्या मुलाला तरीही शेण काढण्यापेक्षा शाळा बरी वाटते. आता पाचवी-आठवीला नापास करणारी परीक्षा परत आली आहे, तेव्हा हेच आधी.

एक_पालक
तुम्ही काहीही वाचा हो, आमच्या गल्लीत पोरगं तीन वर्षांचं झालं की कॉन्व्हेंटात. वहीत गृहपाठ दिसला नाही तर आम्हीच शाळेत जाऊन भांडतो. शिक्षकांआधी आम्हालाच एखादं पुस्तक द्या.

धरमपेठच्या बाई (निवृत्त)
हे मात्र सोळा आणे खरं!
आणि नुसती पुस्तकं कशाला? 1937 मध्ये गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाची, परिषद वर्ध्यात झाली, आपल्या अंगणात. सेवाग्रामच्या आवारात 2005 पासून आनंद निकेतन ही त्याच विचाराची शाळा पुन्हा सुरू आहे, शेती, स्वयंपाक, सूतकताई यांतून शिकवतात. नागपुरातून गाडीने दीड-दोन तास. सगळे मिळून जाऊन या.

पाटीपेन्सिल
ही कल्पना आवडली. 'प्रिय बाई'ही यादीत घेतो. पहिलं मात्र 'दिवास्वप्न'च, त्यावर मी ठाम आहे.

कामठीरोड
सेवाग्रामला मी येतो. पण रविवारी नाही. कामाच्या दिवशी ऑन ड्यूटीचं पत्र निघत असेल तर पहिलं नाव माझं लिहा.