‘काळ्या पाण्यावर’ धाडलेली पोर ऑस्ट्रेलियात कशी पोचेल?

गोदाकाठ: मंडळी, अडलेय. दिवाळी अंकासाठी मेरी वेडवर लिहितेय. लंडनमध्ये रस्ते झाडून, भीक मागून जगणारी अकराएक वर्षांची पोर. ऑक्टोबर १७८८ मध्ये हिने आणि चौदा वर्षांच्या एका सोबतिणीने आठ वर्षांच्या मुलीचे कपडे काढून घेतले. एक सुती फ्रॉक, एक टिपेट (खांद्यावर घ्यायचं आखूड वस्त्र), एक टोपी. फ्रॉक गहाणवाल्याकडे गेला. शिक्षा फाशी! मार्च १७८९ मध्ये राजा तिसरा जॉर्ज वेडातून बरा झाला, त्या आनंदात फाशी टळली आणि जन्मभरासाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सला रवानगी. मी लिहिलं, ‘काळ्या पाण्याची शिक्षा झाली’. संपादक म्हणतात, काळं पाणी म्हणजे अंदमान, ‘हद्दपार’ करा. मला तो शब्द मिळमिळीत वाटतो.

बोरूबहाद्दर: संपादकांशी सहमत. हद्दीच्या पार. स्वच्छ शब्द आहे, उगाच मसाला कशाला?

चिंचगूळ: हद्दपार म्हणजे ‘इथून चालता हो’. पुढे तू कुठे जातोस, काय खातोस, सरकारला देणंघेणं नाही. हिला जहाजात घालून ठरावीक ठिकाणी नेली आणि तिथे राबायला ठेवली. एक कसं?

खाडीपलीकडचा: तडीपार लिहा हो ताई. तड म्हणजे काठ, ‘तडीस नेणे’मधली तीच तड. काठापलीकडे धाडलेली. इतका नेमका शब्द घरात असताना शोधाशोध कसली!

चिंचगूळ: काका, व्युत्पत्ती झकास. पण तडीपार म्हटलं की गल्लीतला दादा दिसतो. निवडणुकीआधी नोटीस मिळते, मग शेजारच्या जिल्ह्यात मामाकडे जाऊन जेवतो.

राजापुरी: माझ्या आत्याला नागपूरला दिली, तेव्हा आजी पदर डोळ्याला लावून म्हणाली होती, “पोरीला काळ्या पाण्यावर धाडली रे.” नागपुरात कुठला समुद्र? शब्द केव्हाच अंदमानातून सुटलाय. ताई, बिनधास्त लिहा.

वकिलीबाणा: अंदमानची कैद्यांची कायम वसाहत १८५८ ची. त्याआधी मुंबई इलाख्यातले कैदी सिंगापूर, पिनांग, मॉरिशसला जात, त्यांना काय म्हणायचं? आपल्या जुन्या दंड संहितेत जन्मभराच्या शिक्षेला इंग्रजीत शब्द होता तो मेरीच्या शिक्षेचाच, ‘ट्रान्सपोर्टेशन’. १९५५ च्या दुरुस्तीने तो काढून आजचा जन्मठेपेचा अर्थ आणला. थोडक्यात, संपादक चूक.

खाडीपलीकडचा: मुळात ते काळे नव्हेच, ‘काल’ पाणी. काल म्हणजे मृत्यू.

बोरूबहाद्दर: काका, खोल समुद्र काळाच दिसतो. प्रत्येक शब्दाला संस्कृतचं जानवं घालायलाच हवं का? शिवाय काळ्या पाण्याची धास्ती होती ती समुद्र ओलांडला की जात बुडेल याची. लंडनच्या झाडूवालीची कुठली जात बुडणार होती? म्हणून तो शब्द तिला लागू नाही.

शुद्धमती: ‘भुरटी चोर’, ‘कैदी’ असलं काहीबाही लिहू नये ही विनंती. गुन्हा शाबीत झालेल्याला ‘सिद्धदोष’ हा सुंदर शब्द आहे. सिद्धदोष बंदिनी.

गोदाकाठ: शुद्धमतीताई, अकरा वर्षांच्या पोरीला सिद्धदोष बंदिनी? मला तर ‘भुरटी’ही टोचतंय. तेव्हा कपडा महाग, फ्रॉक म्हणजे रोकड. शिवाय ती गेली ‘लेडी ज्युलियाना’ जहाजातून, ३ जून १७९० ला सिडनीला पोचली, पुढे नॉरफोक बेटावर. एकवीस मुलं झाली, १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियातच वारली. तिथले माजी पंतप्रधान केव्हिन रड तिच्याच वंशातले. हद्दपार माणूस डोळ्यासमोर येतो तो परतीची वाट बघणारा. ही तिथलीच होऊन गेली.

मधलीसुट्टी: अवांतर: तिकडच्या बायकांच्या तुरुंगांना ‘फीमेल फॅक्टरी’ म्हणत. पॅरामॅटाला होता, होबार्टला होता. आत बायका सूत कातत, कपडे धूत, म्हणून फॅक्टरी. एका अनुवादात मी ‘स्त्रियांचा कारखाना’ वाचलं आणि चहा नाकात गेला.

चिंचगूळ: बरं ताई, टिपेटला काय लिहिलंत?

गोदाकाठ: उपरणं.

राजापुरी: उपरणं!! आठ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर? कीर्तनाला निघाली होती का?

शुद्धमती: स्कंधवस्त्र.

राजापुरी: देवा. अहो, टिपेट आणि टोपी मिळून आपली कुंची. डोकं झाकतं, खांद्यावरून पाठीवर उतरतं. आमच्या धाकटीची हिरव्या खणाची होती, कडेला लाल गोट. घडी उलगडली की अजून वेखंडाचा वास येतो.

खाडीपलीकडचा: आमच्याकडे कुंचडं म्हणतात.

बोरूबहाद्दर: कुंची तान्ह्या बाळाची. आणि टिपेट, टोपी दोन वेगळे नग आहेत. एकत्र केलेत तर चोरीचा एक डाग कमी होईल!

मधलीसुट्टी: मग टोपीला टोपडं?

बोरूबहाद्दर: टोपडंही बाळाचंच. आठ वर्षांची आहे हो ती.

गोदाकाठ: अहो, शिक्षेचं काय लिहू? शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

राजापुरी: लिहा हो काहीही. आधी सांगा, त्या टिपेटला झालर होती का?