वॉरंटी संपलेली लिथियम बॅटरी बाहेरच्या कारागिराकडून उघडून घ्यावी का?

चढउतार :
माझी विजेवर चालणारी दुचाकी २०२१ मध्ये घेतलेली आहे. बॅटरी ४८ व्होल्टची, २४ अँपिअर-तासांची, लिथियम-आयन प्रकारची असून तिची तीन वर्षांची वॉरंटी संपली आहे. रोज सातारा शहरातून बोगद्यामार्गे शेंद्र्याला जाऊन येतो. गेल्या दोन महिन्यांपासून परतीच्या चढावर, काट्यावर चाळीस टक्के चार्ज दिसत असतानाही गाडी अचानक बंद पडते. पाच मिनिटे थांबून किल्ली फिरवली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालू होते. अधिकृत सेवा केंद्राने बॅटरी संगणकाला न जोडताच 'पूर्ण पॅक बदलावा लागेल' असे सांगितले. त्याची किंमत गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या जवळ जाते. गावातील एक कारागीर मात्र पॅक उघडून फक्त खराब सेल बदलून देण्यास तयार आहे.

माझे मत स्पष्ट आहे. सव्वाशेच्या आसपास सेलांपैकी दहा-बारा सेल कमकुवत झाले म्हणून उरलेले चांगले सेल भंगारात काढायला लावणे ही ग्राहकाची लूट आहे आणि अशा वेळी मालकाने पॅक उघडून घेण्यात काहीही गैर नाही. आपणांस काय वाटते?

सावधपंत :
माझा ठाम विरोध आहे. लिथियम पॅक म्हणजे चार नट काढून पाहायचे कार्बुरेटर नव्हे. आत सेल एकमेकांना जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या उघड्या असतात. स्क्रू-ड्रायव्हर चुकीच्या जागी टेकला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह क्षणात वाहतो आणि एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो. २०२२ च्या उन्हाळ्यात गाड्यांना आगी लागल्यानंतर सरकारने एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकात सुधारणा करून १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत नियम कडक केले, ते हौस म्हणून नव्हे. कारागिराने जोडलेला पॅक कोणत्या चाचणीतून गेलेला असतो, हे कृपया सांगावे.

जोडकाम :
पंत, तुमची गाडी २०२१ ची असती तर तिचा पॅकही त्या सुधारित चाचणीतून गेलेला नसता! मी स्वतः माझ्या गाडीच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांपैकी एक खराब बॅटरी ओळखून बदलली. दोन वर्षे झाली, गाडी धावते आहे. कारागिराला नावे ठेवणाऱ्यांनी आधी सेवा केंद्रात मीटर हातात धरणारा माणूस शोधून दाखवावा.

मीटरवाला :
दोन्ही बाजू उपचारावर भांडत आहेत, निदान अजून कोणीच केलेले नाही. शिवाय जोडकाम यांचे उदाहरण येथे लागू पडत नाही. लेड-अ‍ॅसिडच्या चार बॅटऱ्या वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचा व्होल्टेज बाहेरून मोजता येतो. ४८ व्होल्टच्या लिथियम पॅकमध्ये बहुधा सेलांचे तेरा गट एकामागे एक जोडलेले असतात आणि बाहेर दोनच तारा येतात.

चाकातील हवा कमी असणे, ब्रेक घासत राहणे आणि पावसाळ्यानंतर कनेक्टरवर गंज चढणे या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. चढ चढून आल्यावर कनेक्टर हाताला गरम लागला तर दोष तेथेच आहे आणि बॅटरी निर्दोष असू शकते. त्यानंतर चार्जर बॅटरीला न जोडता ५४.६ व्होल्ट देतो का, हे मोजावे.

आता मुख्य मुद्दा. पॅकमधील बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम) हे इलेक्ट्रॉनिक मंडळ प्रत्येक गटावर स्वतंत्र लक्ष ठेवते. बारा गट सुदृढ असले आणि तेरावा भाराखाली २.८ व्होल्टच्या आसपास उतरला, तरी ते संपूर्ण पॅक बंद करते. काट्यावरचे चाळीस टक्के मात्र बहुतेक साध्या गाड्यांत एकूण व्होल्टेजवरून दाखवले जातात. म्हणून काटा खोटे बोलतो असे वाटते. भार उतरला की तो गट सावरतो आणि गाडी पुन्हा चालू होते.

गट मागे पडण्याची कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखता आली पाहिजेत. पहिले, गट निरोगी आहे, पण त्याचा चार्ज इतरांच्या मागे राहिला आहे. हे बीएमएस स्वतः दुरुस्त करते, मात्र फार सावकाश, कारण समतोल साधणारा प्रवाह बहुधा काही दहा मिलिअँपिअरच असतो. पन्नास मिलिअँपिअर धरले तर दहा तासांत जेमतेम अर्धा अँपिअर-तास! आपण चार्जर हिरवा होताच काढून घेतो, त्यामुळे या कामाला वेळच मिळत नाही. दुसरे कारण म्हणजे गटाची क्षमताच घटली आहे. त्यावर चार्जर कितीही वेळ लावून उपयोग नाही. तेव्हा तीन-चार रात्री चार्जर हिरवा झाल्यावरही जोडून ठेवा आणि मग बोला.

सावधपंत :
'रात्री' हा शब्द मागे घ्या. ज्या पॅकचा एक गट संशयित आहे तो घरातील माणसे झोपलेली असताना चार्जरवर ठेवण्याचा सल्ला तुमच्यासारख्या जाणकाराने द्यावा, याचे आश्चर्य वाटते.

मीटरवाला :
मान्य आहे. सुटीच्या दिवशी, जागेपणी, अंगणात, जिन्याच्या तोंडापासून दूर ठेवून करावे. पॅक फुगलेला दिसला किंवा गोडसर रासायनिक वास आला तर हा प्रयोग मुळीच करू नये.

चढउतार :
तीन सुट्या खर्ची घालून मोजमाप केले. चार्जर ५४.६ देतो. चार्ज पूर्ण झाल्यावर पॅकचा व्होल्टेज पूर्वी ५३.२ वर थांबत असे, तो आता ५४.२ पर्यंत गेला. मला आनंद झाला, पण बोगद्याच्या चढावर गाडी पुन्हा बंद पडलीच, फक्त चाळीसऐवजी तीस टक्क्यांवर. हँडलला बांधलेल्या मीटरवर बंद पडण्याच्या क्षणी ४३.६ दिसले.

मीटरवाला :
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ४३.६ मधून दुबळ्या गटाचे २.८ वजा केले तर उरलेल्या बारा गटांना सरासरी ३.४ व्होल्ट येतात. म्हणजे ते अजून दमलेले नाहीत. चार्जचा असमतोल होता तो बराचसा सुटला, पण एका गटाची क्षमताही घटली आहे.

जोडकाम :
म्हणजे एकच गट! मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. उघडा आणि बदला.

सावधपंत :
आणि त्या जागी नवे सेल बसवले की शेजारचे बारा गट तीन वर्षांहून जुने आणि एक कोरा, अशी जोडी जमते. क्षमता आणि अंतर्गत रोध (सेलच्या आत प्रवाहाला होणारा विरोध) जुळवून घेतला नाही, तर हीच तक्रार सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाबद्दल करावी लागेल. ग्राहकाची लूट होते हे मलाही मान्य आहे. बीएमएसमधील प्रत्येक गटाचा आकडा मालकाला दाखवणे उत्पादकाला अवघड नाही आणि तो न दाखवता नवा पॅक गळ्यात मारणे अप्रामाणिकपणाचे आहे. परंतु त्याचा राग स्वतःच्या घरावर काढू नये.

चढउतार :
कारागिराला काल विचारले की जुन्या गटांची क्षमता मोजून त्याला जुळणारे सेल निवडता का. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, स्पॉट वेल्डिंगचे यंत्र आहे, क्षमता मोजण्याचे नाही. तो फक्त व्होल्टेज पाहून जोडतो. म्हणून तूर्त त्याच्याकडे पॅक दिलेला नाही. सेवा केंद्राकडे मात्र प्रत्येक गटाचे व्होल्टेज लेखी मागितले आहेत, आणि ते मिळेपर्यंत त्यांचाही पॅक घेणार नाही. सध्या बोगद्याचा चढ सर्वांत कमी वेगाच्या मोडवर चढतो. प्रवाह कमी लागत असल्याने कालपर्यंतचे चार दिवस गाडी बंद पडलेली नाही.

सावधपंत :
चार दिवस ठीक आहे. तो गट मात्र रोज इतरांपेक्षा खोल रिकामा होत राहणार. काटा निम्म्यावर येण्याआधीच चार्जिंगला लावत जा, आणि पॅक घरात आणत असाल तर तो दारापाशी ठेवता की आतल्या खोलीत, ते आधी सांगा.